विमानाचे साडेनऊ तास

कपडे शिवणाऱ्या त्या म्हाताऱ्याला सगळे मास्तर म्हणत, आणि मास्तरांच्या संशयी स्वभावाची आता गल्लीलाच सवय झाली होती. कुणी शर्ट शिवायला टाकताना 'सावकाश द्या हो, घाई नाही' म्हणालं, की मास्तर विचारात पडत: याला घाई का नाही? कुणी घाई केली, तर तीही त्यांना खटके. चपलांचं दुकान आणि दातांचा दवाखाना यांच्यामध्ये अंग चोरून बसलेलं त्यांचं दुकान होतं, आणि वर दोन खोल्यांत घर. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती. ती होती तोवर मास्तर मनातला संशय तिच्यापाशी बोलून टाकत आणि ती तो हसण्यावारी नेई. आता बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे आलेला प्रत्येक संशय मुक्कामालाच राहायचा.

एकाच माणसाचं बोलणं मास्तर न मोजता घेत, ते म्हणजे त्यांची लेक. सात वर्षांपूर्वी ती नोकरीसाठी लांबच्या एका शहरात गेली. दरवर्षी तिच्या वाढदिवसाला मास्तर स्वतः शिवलेला एक कोट पार्सलने पाठवत, आणि महिन्याभराने ती सुट्टीवर येई तेव्हा तोच कोट तिच्या अंगात असे. सकाळी साडेअकराच्या सुमाराला टॅक्सी दुकानासमोर थांबायची. विमानाला किती वेळ लागतो असं विचारलं तर सांगायची, "साडेतेरा तास, बाबा. मध्ये एका ठिकाणी थांबतं ना." न्यायला येऊ का विचारलं तर म्हणायची, "कशाला उगाच दुकान बंद ठेवता? मी काय लहान आहे?" सहा वर्षं मास्तरांनी हे ऐकून घेतलं होतं. दुकानात त्यांनी दोन घड्याळं लावली होती. एक इथल्या वेळेचं, दुसरं तिच्या शहराचं, साडेतीन तास मागे चालणारं. त्या दुसऱ्या घड्याळाला किल्ली द्यायला ते कधी विसरत नसत.

या वर्षी तर गोष्ट जरा मोठी होती. "दुकान आता पुरे झालं बाबा, माझ्याकडे राहायला या," असं ती दोन वर्षं म्हणत होती. या वेळी ती त्यांचं तिकीटच घेऊन येणार होती. मास्तरांनी बराच विचार करून हो म्हणायचं ठरवलं होतं, फक्त अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

ती शुक्रवारी येणार, आणि मंगळवारी समोरच्या इमारतीतला पन्नाशीचा गृहस्थ पँट आखूड करून घ्यायला आला. तो विमानतळावर सामान चढवायच्या-उतरवायच्या कामावर होता.

"लेक येतेय ना मास्तर शुक्रवारी?"

"हो. साडेअकराला घरी."

"एवढा उशीर? ते विमान तर सव्वासहाला टेकतं. रोज आम्हीच खाली करतो."

"ते दुसरं असेल. तिचं मध्ये थांबतं."

"कुठे थांबतं? समुद्रात?" तो हसला. "त्या शहराहून एकच विमान येतं मास्तर, थेट. संध्याकाळी सव्वापाचला तिथून उडतं, साडेनऊ तासांत इथे. जाताना मात्र साडेदहा."

"रस्ता तोच ना? मग जाताना जास्त कसे?"

"वारा असतो. येताना पाठीवर, जाताना तोंडावर."

मास्तरांनी तेवढ्यात टाचण्या तोंडात धरल्या म्हणून बरं, नाहीतर काहीतरी बोलून बसले असते. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी खडू घेतला आणि टेबलावरच्या कापडाच्या तुकड्यावर हिशेब मांडला. तिथले सव्वापाच म्हणजे इथले पावणेनऊ. त्यात साडेनऊ तास मिळवले की सकाळचे सव्वासहा. सामान घ्यायला एक तास. विमानतळावरून घर, टॅक्सीने, तास धरा. सव्वाआठ. लेक येते साडेअकराला. सव्वातीन तास कुठे गेले? आणि एकदा नाही, सहा वर्षं, दर वर्षी. मास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि ही पाल एकदा भिंतीवर आली की जायचं नाव घेत नाही.

बुधवारभर ते विचार करत होते. तिचा कुणी मित्र असेल इथे. पण मग लपवायचं काय? म्हणजे लपवण्यासारखाच कुणीतरी असणार. लग्न झालेला? की नोकरीच गेली आहे आणि ती त्या शहरात राहतच नाही? मग दुकान बंद करा, दुकान बंद करा, हा धोशा कशासाठी? जागेला चांगला भाव आहे म्हणतात. नको तो विचार मनात आला तेव्हा मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली, पण तो गेला मात्र नाही. पाणी कुठेतरी मुरत होतं. आपल्याच लेकीचं बोलणं मोजायची वेळ आली तर त्या तिकिटावर बसून जायचं तरी कुणाच्या भरवशावर?

गुरुवारी ते शाळेत गणवेशाच्या मापांचा कागद आणायला गेले. त्या शाळेचे गणवेश तेच शिवत. वीस वर्षांत कुणाची तक्रार नव्हती. अलीकडे फ्रॉक थोडे ढगळ होतात असं एक-दोन आया म्हणाल्या होत्या, पण कौतुकाने, कारण वाढत्या अंगाला तेच बरं. भूगोलाच्या बाई वर्गात वह्या तपासत बसल्या होत्या आणि त्यांच्या टेबलावर पृथ्वीचा गोल होता. मास्तरांना राहवलं नाही.

"बाई, यावर अंतर कसं मोजतात?"

"इथे लिहिलंय बघा. एक इंच म्हणजे हजार किलोमीटर."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला. कापडी टेप, पिवळा होता तो आता राखाडी झाला होता. तीस वर्षं तो त्यांच्या गळ्यात होता. गिऱ्हाईक बोलत असलं की त्याची दोन टोकं धरून खेचत राहायची त्यांना सवय होती. गिऱ्हाइकाच्या छातीवर लावावा तसा त्यांनी तो अलगद पृथ्वीवर लावला, या शहरावर एक अंगठा, त्या शहरावर दुसरा. बाई पेन खाली ठेवून बघत राहिल्या.

"पावणेआठ इंच आणि वर एक बारीक रेघ," मास्तर म्हणाले. "म्हणजे सात हजार आठशे."

"छे. आठ हजार एकशे आहे ते. माझ्या पुस्तकात तक्ता आहे." बाईंनी तक्ता काढून दाखवला. विमान ताशी साडेआठशेने गेलं तर साडेनऊ तास, असंही खाली उदाहरणादाखल सोडवलेलं होतं.

"मग तीनशे किलोमीटर कुठे गेले?"

"आता पृथ्वीवरच संशय घेता का मास्तर?" बाई हसून म्हणाल्या. "त्यापेक्षा एकदा तुमचा टेप तपासून घ्या."

मास्तरांचा चेहरा उतरला. पुस्तकातला तक्ता खोटा असू शकतो, विमान कंपनी खोटी असू शकते, पण टेप? त्यांनी टेप गळ्यात घातला आणि कागद घेऊन निघाले. बाईंचं वाक्य मात्र जिन्यावरून त्यांच्याबरोबर खाली उतरलं. असंच कुणीतरी पूर्वी म्हणालं होतं.

तसं म्हटलं होतं ते डावऱ्याने. डावऱ्या म्हणजे त्यांचा कारागीर. डाव्या हाताने कात्री धरायचा म्हणून हे नाव. पोरवयात आला आणि बारा वर्षं त्यांच्या हाताखाली होता. दुपारी त्यांच्याच घरी जेवायचा, लेक त्याला दादा म्हणायची. मग एका वर्षी गणवेशाचं कापड कमी पडायला लागलं. ज्या ताग्यातून साठ फ्रॉक निघायला हवेत त्यातून अठ्ठावन्न निघाले. पुढच्या ताग्यातूनही अठ्ठावन्न. दुकानात माणसं दोनच, आणि मास्तर स्वतःचं कापड स्वतः चोरणार नव्हते. चार गिऱ्हाइकांसमोर ते डावऱ्याला चोर म्हणाले. त्याने कात्री टेबलावर ठेवली आणि एवढंच बोलला, "मास्तर, एकदा टेप बघा." चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणत मास्तरांनी त्याला पायरी उतरायला लावली. त्याच्या नावाला घरात बंदी झाली. लेक त्यानंतर दोन महिन्यांनी परदेशी गेली. कापड पुढेही कमी पडतच राहिलं, तेव्हा मास्तरांनी कापडाच्या गिरणीवर संशय घेतला. डावऱ्याबद्दलचं मत बदलायचं त्यांच्या काही डोक्यात आलं नाही.

शुक्रवारी सकाळी तीस वर्षांत पहिल्यांदा दुकानाला कुलूप लागलं. पहिली बस पकडून मास्तर विमानतळावर गेले आणि बाहेर येणाऱ्या दरवाज्यासमोर एका खांबाआड उभे राहिले. आपल्या पोटच्या पोरीवर पाळत ठेवायची म्हणजे काय, हे त्यांना तिथे उभं राहिल्यावर कळलं. दोनदा त्यांना वाटलं, परत जावं. ती साडेअकराला येईल, आपण पाणी देऊ, विषय संपला. पण फळ्यावर विमान आल्याची वेळ उमटली होती: सहा वाजून बारा मिनिटं. सामान चढवणारा खरं बोलला होता.

सात वाजून दहा मिनिटांनी लेक बाहेर आली.

मास्तरांनी आधी तिचा चेहरा नाही, कोट बघितला. शिंप्याची जातच तशी. त्यांनीच शिवलेला राखाडी कोट होता, बटणंही तीच. पण खांदे बाजूला उतरले होते. बाह्या तळव्यापर्यंत आल्या होत्या. छातीवर कापडाला झोळ पडला होता. थोरल्या बहिणीचा कोट मागून घातल्यासारखी ती दिसत होती. पोरगी वाळली. आजारी आहे! तिथे एकटी आजारी पडली, कुणाला सांगितलं नाही, आणि हे सव्वातीन तास ती दवाखान्यात जाते. परवा घेतलेले सगळे संशय त्या एका क्षणात त्यांना बरे वाटायला लागले. असू दे लग्न झालेला मित्र, विकू दे दुकानाची जागा.

ते खांबाआडून बाहेर पडेपर्यंत ती टॅक्सीत बसली. टॅक्सी शहराकडे वळलीच नाही. उलट्या बाजूच्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

मास्तर बसने घरी आले. कुलूप काढलं, मशीनवर बसले, पण दोरा सुईत जाईना. दोन्ही घड्याळं आपापली वेळ दाखवत होती. बरोबर साडेअकराला टॅक्सी थांबली.

"बाबा!"

ती पायरी चढून आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. मास्तरांनी तिला धरलं आणि हात तिच्या पाठीवर होते तोवरच त्यांना कळलं. कोट अगदी चपखल बसला होता. खांदा जिथे असावा तिथे, बाही मनगटावर. मागे एक सुरकुती नव्हती. रात्रभर विमानात बसून आलेल्या माणसाच्या कोटाला ताज्या इस्त्रीचा वास होता.

"दमलीस?"

"साडेतेरा तास, बाबा. दमणारच ना."

"हो का," मास्तर म्हणाले.

ती वर आंघोळीला गेली. कोट जिन्याच्या कठड्यावर टाकला होता. मास्तरांनी तो उचलून उजेडात आणला आणि उलटा केला. काखेखालची शिवण उसवून पुन्हा घातली होती. काम इतकं साफ होतं की दुसऱ्या कुणाला दिसलंच नसतं. टाक्याचं अंतर त्यांचं, दोरा त्यांच्या पसंतीचा, शेवटची गाठ त्यांच्या पद्धतीची. मग त्यांनी अस्तराची तुरपाई बघितली. हाताने घातलेल्या टाक्यांचा एक कल असतो. मास्तरांचे टाके उजवीकडे झुकत. या कोटाच्या खालच्या बाजूला चार बोटं टाके डावीकडे झुकलेले होते.

जगात अशी तुरपाई करणारा एकच माणूस त्यांनी शिकवला होता.

ती केस पुसत खाली आली तेव्हा कोट टेबलावर उलटा पसरलेला होता, आणि मास्तर त्याच्यासमोर हात बांधून उभे होते.

"विमान सव्वासहाला आलं," ते म्हणाले. "मी तिथे होतो."

लेक पायरीवरच थांबली.

"बाबा, तुम्ही माझ्यावर पाळत ठेवलीत?"

"ठेवली. आणि बरं झालं ठेवली. त्या चोराकडे जातेस? दर वर्षी? सात हजार..." ते अडखळले, "आठ हजार किलोमीटर लांबून येतेस आणि बापाच्या आधी त्याचं तोंड बघतेस?"

"तो चोर नाही."

"मग खोटं का बोललीस? ज्यात काही काळंबेरं नाही ते कुणी साडेतेरा तासांत लपवत नाही!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चढला. बापाचीच लेक होती. "तुम्हाला काय सांगायचं होतं? कोट होत नाही म्हणून? पहिल्या वर्षी मी दादाला नुसतं भेटायला गेले होते. त्याने बघितलं आणि म्हणाला, दे जरा, थोडं आत घेतो. दुसऱ्या वर्षी आणखी मोठा झाला. आता तर बघितलंत ना? तुम्ही इतक्या हौसेने पाठवता. मी तुमच्यासमोर कशी येणार होते तसला कोट घालून? मला वाटलं तुमची नजर गेली. हात गेला. म्हणून म्हणते, दुकान बंद करा. लोक बोलायला लागायच्या आत."

मास्तर स्टुलावर बसले. हा मार त्यांच्या अपेक्षेत कुठेच नव्हता.

"माझा हात?" ते म्हणाले. "वहीत छत्तीस लिहिलंय. मी छत्तीसच बेतलं. तीन महिने मी त्या एका कोटावर..."

त्यांनी मापांची जुनी वही काढली. लेकीचं पान तिच्या आईच्या अक्षरात होतं. बायकांची मापं बायको घ्यायची, तिच्या स्वतःच्या टेपाने. ती गेल्यावर मास्तरांनी बायकांचे कपडे शिवणं सोडलं, एका लेकीचा कोट तेवढा चालू ठेवला. तिचं माप नव्याने घ्यायचं त्यांच्या कधी मनात आलं नाही. बायकोने लिहिलेले आकडे खोडायचे कसे?

"उभी राहा," ते म्हणाले.

बायकोचा टेप तिच्या खणातच होता, आठ वर्षं गुंडाळलेला. त्यांनी तो लेकीच्या छातीवरून घेतला. छत्तीस. ना रेघ कमी ना जास्त. पोरगी वाळली नव्हती. मास्तरांनी मोठा श्वास सोडला. मग, का कोण जाणे, गळ्यातला आपला टेप काढला आणि तोही लावला.

पस्तीसच्याही खाली.

पुन्हा लावला. तोच आकडा. एका मिनिटात पोर सव्वा इंच बारीक झाली होती.

त्यांनी दोन्ही टेप टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, टोकाला टोक लावून हाताने सपाट केले. वीसपर्यंत फरक नजरेत भरत नव्हता. चाळिशीला दिसायला लागला. बायकोचा टेप साठावर संपला, आणि त्यांचा अजून दोन इंच पुढे जाऊन मग साठावर आला. तीस वर्षं खेचून खेचून तो सैल झाला होता. गिऱ्हाइकाचं माप त्याच टेपाने घ्यायचं आणि कापडही त्याच टेपाने बेतायचं, म्हणून कुणाला कधी कळलं नाही. जे आकडे दुसरीकडून लिहून यायचे तेवढ्यांतच गोची होत होती. शाळेचे फ्रॉक, लेकीचा कोट आणि बाईंच्या टेबलावरची पृथ्वी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं लोक म्हणतात. मास्तरांचा कळसा तर गळ्यात लोंबत होता.

"म्हणजे तुमचा हात..." लेक म्हणाली.

"हाताला काही झालेलं नाही." पण मास्तरांच्या आवाजात आनंद नव्हता. ते दोन फ्रॉकांचा विचार करत होते. ताग्यामागे दोन फ्रॉक. ते कुणी नेले ते समोर टेबलावर पडलं होतं. ढगळ गणवेश घालून गल्लीतून पोरी शाळेत जात होत्या आणि मास्तर रोज आपलं चोरीला गेलेलं कापड डोळ्यांनी बघत होते.

"त्याला माहीत होतं," ते म्हणाले. "तुला त्याने कधी सांगितलं नाही?"

"काहीच नाही. विचारलं की म्हणतो, हात मास्तरांचाच आहे, मी फक्त थोडं आत घेतो."

मास्तर उठले. दुकानाचं दार त्यांनी त्या दिवसात दुसऱ्यांदा ओढून घेतलं.

विमानतळाच्या मागच्या रस्त्याला जायला बसने पन्नास मिनिटं लागली. लेक शेजारी बसली होती. तिच्या हातात मास्तरांचा हात होता, आणि तिने तो सोडला नाही. मास्तर मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते आणि उसवत होते. एवढ्या वर्षांत माणसं समुद्र ओलांडून सात वेळा आली, आणि आपल्याला गावातल्या गावात पन्नास मिनिटं जमली नाहीत, हे त्यांना बसच्या खिडकीतून बाहेर बघताना फार लागलं.

डावऱ्याचं दुकान लहान होतं. विमानतळावरच्या लोकांचे गणवेश हँगरवर ओळीने टांगले होते. डावऱ्या मशीनवर होता. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. त्याने आधी लेकीकडे बघितलं, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे, आणि मशीनवरचा पाय काढून उठून उभा राहिला. गुरू आला की उठायचं, हेही त्याला मास्तरांनीच शिकवलं होतं.

"बसा, मास्तर."

मास्तर बसले नाहीत. जुळवलेलं एकही वाक्य त्यांना आठवेना.

"टेप सैल झालाय," ते म्हणाले. "दोन इंच."

"हो."

"कापड टेपाने खाल्लं. मी तुला चोर म्हटलं. चार माणसांत म्हटलं." "तू परत का सांगितलं नाहीस? या पोरीकडून तरी निरोप पाठवायचास."

"सांगितलं होतं ना, मास्तर. एकदा सांगितलं." डावऱ्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच ऐकायला जड गेलं. "चोराने दुसऱ्यांदा सांगितलं तर कोण ऐकतं?"

लेकीने तोंड फिरवलं. बाहेर रस्त्याच्या वरून एक विमान खूप खालून गेलं आणि हँगरवरचे कपडे किंचित हलले.

डावऱ्या खाली वाकला. कटाईच्या टेबलाखालून त्याने एक कापडी पिशवी काढली आणि मास्तरांच्या समोर रिकामी केली. कोटांच्या कापडाच्या पट्ट्या होत्या, काखेतून नि बाह्यांतून काढलेल्या, प्रत्येक कोटाची वेगळी जुडी, टाचणीने कागद लावलेला, कागदावर वर्ष. पहिल्या वर्षीची पट्टी जेमतेम बोटभर रुंद होती. पुढच्या वर्षीची थोडी जास्त. सगळ्यात वर आज सकाळचा राखाडी तुकडा होता. सात कोट. मास्तरांनी प्रत्येक कापड ओळखलं. अस्तराचे दोरेदेखील त्याने जपून ठेवले होते.

"तुमचं कापड," डावऱ्या म्हणाला. "चिंधीसुद्धा ठेवून घेतलेली नाही. मोजून घ्या."

मास्तरांचा हात सवयीने गळ्याकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. टेप घरी टेबलावर राहिला होता, बायकोच्या टेपाशेजारी. हात तसाच वर राहिला, आणि मग त्या हाताने त्यांनी डोळे झाकले.